भट्टी विकत घेऊ नका, आणि प्रागही नको

तुमचा प्रश्न असा आहे: जे. जे.मधून शिल्पकला झाली, बरीच वर्षं ब्रॉन्झ ओतताय, आता भट्टीत ओतलेल्या काचेची शिल्पं करायची म्हणून झेक प्रजासत्ताकात यावं का, आणि प्रागमध्ये स्वतःची भट्टी टाकायला किती लागतील.

भट्टीचा विचार सध्या सोडा. प्रागचाही. तिथून साधारण शंभर किलोमीटरवर, यिझेरा नदीकाठी झेलेझनी ब्रोद आहे. नदीकाठचं गाव म्हणून वाई डोळ्यांपुढे आणू नका, हिवाळा कडक असतो. पण 1920 पासून इथे काचकामाची शाळा आहे, आणि स्तानिस्लाव लिबेन्स्की व यारोस्लावा ब्रिख्तोवा या जोडीने 1950च्या दशकात साच्यात वितळवलेल्या काचेतून शिल्पं घडवायला सुरुवात केली तीही इथेच. यायचंच तर पदवीसाठी नको, शेजारासाठी या. साचा करणारे, भट्टी भाड्याने देणारे, घासून पॉलिश करून देणारे, सगळे याच पट्ट्यात.

ब्रॉन्झचा हात उपयोगी पडेल. मेणाचा नमुना, त्यावर साचा, वाफेने मेण काढणं, सगळं ओळखीचं. साचा मात्र प्लास्टर आणि क्वार्ट्झच्या पुडीचा. ती पूड कालवताना चांगला मास्क हवाच, फुप्फुसात गेली की परत निघत नाही. मोडायची सवय एकच. ब्रॉन्झला आपण आतून पोकळ ठेवतो आणि भिंत सगळीकडे सारखी. काचेत जाडी म्हणजेच रंग. एकाच निळ्या काचेचा बोटभर जाड भाग फिकट दिसतो, वीतभर जाड भाग जवळजवळ काळा. म्हणून काच निवडताना वाटतं त्यापेक्षा फिकीच घ्या. या जोडीची कामं बघताना मागून वळसा घालून बघा: आकार मागच्या बाजूने आत कोरलेला असतो आणि समोरून, काचेतून, उठून दिसतो.

काच किती लागेल ते काढायला नमुना पाण्यात बुडवा. एक लिटर पाणी बाजूला सरलं तर साधी काच अडीच किलो, शिशाची तीनच्या आसपास. शिवाय ज्या भांड्यातून काच वितळून साच्यात उतरते, त्याला चिकटून राहते ती वेगळी.

खरा खर्च थंड करण्यात आहे. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो, मोठं काम कित्येक आठवडे भट्टी अडवून बसतं. घाईने उघडलंत तर तडा गेलाच म्हणून समजा. भाडं दिवसावर ठरवा आणि सुरुवातीची कामं तळहाताएवढी ठेवा. पुढे हिऱ्याच्या चाकावर, पाणी सोडत घासणं. त्यातच निम्मं आयुष्य जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर दीर्घ मुदतीचा व्हिसा, कागदांची झेक भाषांतरं, आणि पोचल्यावर तीन कामकाजी दिवसांत परदेशी नागरिकांच्या पोलिसांकडे नोंद. सरकारी विद्यापीठात झेकमधून शिकलात तर फी नाही, इंग्रजीतून शिकलात तर आहे. झेक तशीही लागणारच. जुन्या कारागिरांशी इंग्रजीत फार तर नमस्कार-चमत्कार होतील, तापमानाचं बोलणं नाही. निघण्याआधी वर्षभर तरी शिकून घ्या.

आधी उन्हाळ्यात एखाद्या छोट्या वर्कशॉपला या आणि मग ठरवा. तोवर नमुन्यांचे फोटो जाडीच्या मापांसकट पाठवा, कुठला आधी ओतण्यासारखा आहे ते सांगते.