फोनवरचा लाल दिवा लागत नाही, तेव्हा

नवीन व्हॉइसमेल (रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप) आला तरी ऑफिसच्या फोनवरचा दिवा पेटत नसेल, तर फोन बदलायची घाई करू नका. दिवा कधी लावायचा हे फोन स्वतः ठरवत नाही. व्हॉइसमेलचा सर्व्हर त्याला कळवतो. एसआयपी फोनमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावर चालणाऱ्या फोनमध्ये, ही सूचना 'नोटिफाय' नावाच्या संदेशातून येते. २००४ सालच्या आरएफसी ३८४२ या इंटरनेट मानकात त्याची पद्धत ठरवलेली आहे. त्यात नवे आणि जुने निरोप किती, हेही लिहिलेलं असतं.

म्हणून आधी एकच गोष्ट तपासा: त्या एक्स्टेन्शनला (फोनच्या अंतर्गत क्रमांकाला) योग्य मेलबॉक्स, म्हणजे निरोप साठवायची जागा, जोडलाय का? बहुतेक वेळा घोळ इथेच सापडतो. ॲस्टेरिस्क हे टेलिफोन सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेलबॉक्सच्या क्रमांकापुढचा कॉन्टेक्स्टही (मेलबॉक्सच्या गटाचं नाव) नीट वाचा, कारण क्रमांक बरोबर आणि कॉन्टेक्स्ट चुकीचा असला तरी दिवा अंधारातच राहतो. काही फोन आधी सर्व्हरकडे 'सबस्क्राइब', म्हणजे सूचना पाठवत राहण्याची विनंती, पाठवतात. ते सेटिंग बंद असेल तर चालू करून बघा.

साध्या ॲनालॉग फोनला दिवा नसेल तर नवा निरोप असताना रिसीव्हर उचलल्यावर तुटक डायल टोन ऐकू येतो. लोकांना तो बिघाड वाटतो, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

उलट तक्रारही येईल: निरोप ऐकले, तरी दिवा जात नाही. अशा वेळी दुसऱ्या फोल्डरमध्ये न ऐकलेला निरोप उरलाय का, किंवा फोन आणखी एखाद्या सामायिक मेलबॉक्सला जोडलाय का, ते पाहा.