टॅबलेटवर म्युझिक रिमोटचं अ‍ॅप नुसतं ताणलेलं दिसतं, काय करावं?

फोनवर तुमचं एमपीडीचं (Music Player Daemon, गाणी वाजवणारा सर्व्हर प्रोग्राम) रिमोट छान चालतं, पण दहा इंची टॅबलेटवर मधोमध अल्बमचं भलंमोठं चित्र आणि दोन्ही बाजूंना ओसाड मैदान, असं तुम्ही लिहिलंय. मीही आधी हेच केलं होतं. घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एमपीडी चालतं आणि एक जुना टॅबलेट स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी उभा असतो, त्याच्यासाठी अ‍ॅप लिहिलं होतं.

फोनवर संग्रह, रांग आणि चालू गाणं अशा तीन स्क्रीन असतात, कारण जागाच नसते. टॅबलेटवर ही ये-जा बंद करा. डावीकडे संग्रह, उजवीकडे रांग कायम उघडी, खाली चालू गाण्याची पट्टी. चित्र लहान झालं तर होऊ द्या, घरातले लोक ‘पुढे काय लागणार’ हेच बघतात. फक्त ‘हा टॅबलेट आहे का’ असं तपासू नका, अ‍ॅपच्या खिडकीची रुंदी बघा. अँड्रॉइडवर 840 डीपीपासून (डीपी म्हणजे स्क्रीनच्या पिक्सेल-घनतेवर न अवलंबणारं रुंदीचं माप) पुढे दोन रकाने ठेवा, 600च्या खाली फोनचीच मांडणी. स्क्रीन विभागून दोन अ‍ॅप उघडली की टॅबलेटचा फोनच होतो.

खरा घोळ आवाजाच्या स्लायडरने घातला. रुंदी आहे म्हणून मी तो वीतभर लांब केला होता. आई पिठाच्या हातांनी, बोटाच्या पेराने यादी सरकवायला गेली, पेर स्लायडरच्या टोकाला लागलं आणि आवाज 30 वरून थेट 95! सकाळी सहाला भजन अख्ख्या मजल्याने ऐकलं. आता नुसत्या स्पर्शाने तो उडी मारत नाही, बोट जितकं सरकेल तितकाच हलतो. शेजारी पाच-पाचने कमीजास्त करणारी दोन ठसठशीत बटणं आहेत, आई तीच वापरते. आणखी एक, सरकवताना प्रत्येक पिक्सेलला setvol (एमपीडीला आवाज ठरवून देणारी आज्ञा) पाठवू नका. सेकंदाला आठ-दहा वेळा पुरे, पण बोट उचलल्यावरची शेवटची किंमत गेलीच पाहिजे.

टॅबलेट दिवसभर उघडा असतो, त्यामुळे शिळी माहिती लगेच डोळ्यांत खुपते. दर सेकंदाला सर्व्हरला विचारत बसण्यापेक्षा idle आज्ञा वापरा, बदल झाला की एमपीडी स्वतःच कळवतं. गाण्याचा सरकता वेळ अ‍ॅपमध्येच मोजा. रांगेतलं गाणं काढताना क्रमांकाऐवजी आयडी वापरा (deleteid). नाहीतर तुम्ही बोट टेकवेपर्यंत बहिणीने फोनवरून रांग हलवलेली असते आणि भलतंच गाणं उडतं.

ओळींची उंची मात्र इंग्रजी नावं बघून ठरवू नका. माझ्या यादीत पहिले काही दिवस वेलांट्या आणि रफार वरून कापले जात होते, आणि ते माझ्याआधी बाबांच्या लक्षात आलं.