चेर्नोबिलच्या मुलांसाठी मदत: पैसे कुठे द्यावेत, मूल घरी ठेवून घ्यावं का

तुमचे प्रश्न तीन आहेत. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताला चाळीसेक वर्षं झाली, मग ही 'चेर्नोबिलची मुलं' आता कोण? इंग्लंडमधल्या तुमच्या घरी अशा एखाद्या मुलाला महिनाभर ठेवून घेतल्याने काही फरक पडतो का? आणि पुण्यातल्या तुमच्या आईवडिलांनाही पैसे द्यायचे आहेत, ते कसे पाठवावेत?

पहिल्या प्रश्नात बऱ्याच संस्थांची माहितीपत्रकं घोळ घालतात, म्हणून तो आधी. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर मुलांना खरा फटका बसला तो किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ चा. ते गवतावर पडलं, गायीच्या दुधात उतरलं आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये (गळ्यातल्या ग्रंथीत) साठलं. त्या भागातल्या आहारात मुळातच आयोडीन कमी, त्यामुळे ग्रंथींनी ते अधाशासारखं ओढून घेतलं. पोलंडने त्याच आठवड्यात १ कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं. सोव्हिएत खेड्यांत ते वेळेवर पोचलं नाही. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालच्या असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाच्या ६,००० हून अधिक केसेस नोंदल्या गेल्या. त्यांतले १५ रुग्ण तोवर दगावले होते. म्हणजे हा कर्करोग बहुतेकांचा बरा होतो. पण ग्रंथी काढल्यावर लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइड संप्रेरकाची) गोळी जन्मभर, रोज सकाळी उपाशीपोटी. शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या असतील तर कॅल्शियमही सोबत.

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, आठ दिवस. ८० दिवसांत ते हजारांश उरतं. तेव्हा १९८७ नंतर जन्मलेल्या कुणालाही ते लागलेलं नाही, आणि तेव्हाची मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आजच्या मुलांपर्यंत पोचतं ते दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य, सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. तेही मुख्यतः रानातली मश्रूम आणि बेरीची फळं, शिकारीचं मांस आणि ओलसर कुरणांवर चरणाऱ्या घरच्या गायीचं दूध यांतून. बेलारूसचे होमेल (गोमेल) आणि मोगिलेव, युक्रेनचे झितोमिर आणि रिव्ने, रशियाचा ब्र्यान्स्क, हे भाग अशा संस्थांच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतात ते यामुळे. आईबापांच्या जनुकांतून पुढच्या पिढीत व्यंग उतरल्याचे फोटो दाखवून कुणी पैसे मागत असेल तर सावध राहा. अपघातानंतर सफाईला गेलेल्या कामगारांच्या आणि तिथून हलवलेल्या लोकांच्या १३० मुलांचे जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडे) आईबापांच्या जीनोमशी ताडून पाहणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्या उत्परिवर्तनांची (जनुकांतल्या बदलांची) वाढ आढळली नाही. फोटोतलं मूल आजारी असेल, त्याला मदतही हवी असेल. कारण मात्र बहुधा वेगळं असतं.

आता संस्था मुलांना सुट्टीसाठी परदेशी नेतात त्याचा, म्हणजे महिनाभर घरी ठेवून घेण्याचा हिशेब. शरीरातलं सीझियम लघवीवाटे बाहेर पडतं. ते निम्मं व्हायला पाच वर्षांच्या मुलाला साधारण ३० दिवस लागतात, दहा वर्षांच्या मुलाला ५०, मोठ्या माणसाला ११० च्या आसपास. चार आठवडे पूर्ण स्वच्छ अन्न मिळालं तर दहा वर्षांच्या मुलाच्या शरीरातलं सीझियम सुमारे एक तृतीयांशाने उतरेल. घरी परतून तेच दूध आणि तेच मश्रूम सुरू झाले की तीन-चार महिन्यांत बहुतेक परत भरतं. शिवाय आकड्याचं प्रमाणही लक्षात ठेवा: आपल्या प्रत्येकाच्या शरीरात निसर्गतःच पोटॅशियम-४० चे दर किलोमागे ५०-६० बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) असतात. मुलाच्या मोजणीत सीझियम २०-३० आलं तर घाबरण्यासारखं नाही, शेकड्यांत आलं तर त्या घराचं दूध तपासायला हवं. 'एका महिन्याने आयुष्य दोन वर्षांनी वाढतं' अशा वाक्यांना काही आधार नाही. कुठल्याही संस्थेच्या पत्रकात असं काही दिसलं तर माझ्या लेखी तिचे गुण तिथेच कमी होतात.

त्याच पैशांत मुळाशी काम होतं, पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून देणगीही कमी मिळते. गायीच्या खुराकात प्रशियन ब्लू (सीझियमला बांधून ठेवणारं निळं रसायन) घातलं तर दुधातलं सीझियम कित्येक पटींनी घटतं. कुरणात पोटॅश खत टाकलं की गवत सीझियम कमी उचलतं. मश्रूम मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं तर बराच भाग निघून जातो. सूप करून पाणीही प्यायलं तर काहीच उपयोग नाही.

मग या सुट्ट्या निरर्थक का? रेडिएशनसाठी म्हणून जवळजवळ होय, मुलासाठी म्हणून नाही. दातांची कामं, डोळ्यांची तपासणी, चष्मा, चांगलं जेवण, हे सगळं खरं आहे. क्यूबाने हवानाजवळच्या ताराराला १९९० ते २०११ या काळात २०,००० हून अधिक मुलांवर मोफत उपचार केले. तिथे आजाराच्या गंभीरतेनुसार गट पाडले जात आणि मुक्काम त्यानुसार ठरे. उपचार म्हणायचे तर ते असे. बेलारूसमध्येच विलेइका जलाशयाकाठी जर्मन मदतीने १९९४ पासून 'नादेझ्दा' केंद्र आहे. मूल परदेशात न्यावं लागत नाही, भाषेची अडचण नाही.

यजमान व्हायचंच ठरवलंत तर एकाऐवजी दोन मुलं घ्या. एकटं मूल पहिला आठवडा रडत काढतं. पोलीस पडताळणी, विमा, व्हिसा आणि गटासोबतचा दुभाषा ही जबाबदारी संस्थेची. ती तुमच्यावर ढकलणारी संस्था सोडा. पालकांची सही असलेलं संमतिपत्र हाती आल्याशिवाय दात काढू देऊ नका. महागडे फोन देऊ नका, गावी परतल्यावर भावंडांत त्यावरून भांडणं होतात. जेवणात बटाटे, सूप, कुट्टूचा दलिया चालतो. आपलं तिखट पहिले काही दिवस बाजूलाच ठेवा. आणि दत्तक घेण्याचा विषय मुलासमोर कधीही काढू नका. २००६ मध्ये इटलीतल्या एका यजमान जोडप्याने मुलीला परत पाठवायचं नाकारून लपवून ठेवलं, २००८ मध्ये अमेरिकेत गेलेली एक मुलगी परतायला तयार होईना. त्यानंतर बेलारूसने अशा सहलींवर कडक निर्बंध घातले. आयर्लंडला मग सरकारी पातळीवर करार करून वाट मोकळी करावी लागली. पुढे कोविड आणि २०२२ चं युद्ध, त्यामुळे अनेक संस्थांचे दौरे बंद पडले. तेव्हा 'यंदा किती मुलं आली?' हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

पैसेच द्यायचे तर मी वैद्यकीय आणि कायमच्या देखभालीच्या कामाला देईन. आदी रोश यांनी १९९१ साली आयर्लंडमध्ये सुरू केलेली 'चेर्नोबिल चिल्ड्रन इंटरनॅशनल' युक्रेनमधल्या बालहृदय शस्त्रक्रिया आणि बेलारूसमधलं वेस्नोवाचं अपंग मुलांचं निवासगृह यांसाठी ओळखली जाते. हृदयाला जन्मतः असलेल्या छिद्राचा रेडिएशनशी संबंध सिद्ध झालेला नाही, पण छिद्र बुजवायचं तर त्याला कारण लागत नाही. अशा कुठल्याही संस्थेला विचारा: बाहेरून आलेली टीम गेल्यावर अतिदक्षता विभाग कोण सांभाळतं, स्थानिक सर्जन आणि नर्सेसना शिकवता का? शस्त्रक्रिया चांगली होऊनही मूल जातं ते पुढच्या ४८ तासांत नीट लक्ष न दिल्याने.

बेलारूसमध्ये परदेशी मदत सरकारकडे नोंदवावी लागते आणि तिथल्या काही बँका मार्च २०२२ पासून स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहार जाळ्याबाहेर आहेत. पैसा नेमका कोणत्या वाटेने जातो याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर थांबा. इंग्लंडमधल्या संस्थेचा नोंदणी क्रमांक चॅरिटी कमिशन या तिथल्या सरकारी नियामकाच्या यादीत टाकून पाहा, हिशेब उशिरा दिले असतील तर तेही तिथे दिसतं. तुम्ही तिथे कर भरता, म्हणून गिफ्ट एडचा (देणगीवरचा कर सरकार संस्थेला देतं ती सोय) रकाना भरा: तुमच्या १०० पौंडांचे संस्थेला १२५ मिळतात.

आईवडिलांसाठी एलआरएसची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची, वाट आहे. बँकेत ए-२ फॉर्म भरून देणगी म्हणून पैसे पाठवता येतात, मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. परदेशी संस्थेला दिलेल्या रकमेवर प्राप्तिकरातली ८०जीची सूट नाही. वर्षभरातली एकूण रक्कम दहा लाख रुपयांच्या वर गेली तर वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच गोळा केलेला कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. छोट्या रकमेला बँकेचं शुल्कच जड जातं, त्यामुळे त्यांनी दर महिन्याला न पाठवता वर्षातून एकदाच पाठवावं.