गच्चीवरचा पारा एवढा का चढतो?

प्रश्न : गच्चीवर घरगुती हवामानकेंद्र उभारलं आहे. तापमान-आर्द्रता मोजणारा एसएचटी३१ सेन्सर, त्याचे आकडे वायफायवरून पाठवणारं ईएसपी३२ बोर्ड आणि कुंडीखालच्या पांढऱ्या बशा एकावर एक रचून केलेलं रेडिएशन शील्ड, म्हणजे सेन्सरवर थेट ऊन पडू नये म्हणूनचं आवरण. सकाळी सातला माझा आकडा वेधशाळेशी जवळजवळ जुळतो. एप्रिलच्या दुपारी मात्र त्यांच्याकडे ४२ अंश आणि माझ्याकडे ४६. वारा सुटला की फरक निम्म्यावर येतो. मित्र म्हणतो, सेन्सर गेलाय, बदल. मला वाटतं, आत पंखा बसवावा. कसा बसवू?
– एक वाचक, अकोला

उत्तर : सेन्सर बदलू नका, तो बिचारा खरं बोलतोय. त्याच्याभोवती जी हवा कोंडली आहे तिचं तापमान तो सांगतो, बाहेरच्या हवेचं नाही. बशा उन्हानं तापतात, त्यांच्या फटीतली हवा तापते, आणि वारा पडलेला असला की ती तिथंच बसून राहते. वारा सुटल्यावर फरक घटतो हे तुम्हीच लिहिलंय. रोगनिदान झालं की!

वेधशाळेच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीलाही हीच खोड आहे, फक्त कमी प्रमाणात. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याच्या नावानं ओळखली जाते आणि तिचं सगळं काम वाऱ्यावर अवलंबून असतं. वाऱ्याची वाट न बघता हवा ओढून घ्यायची युक्ती जर्मनीच्या रिखार्ड आस्मान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरली : चकचकीत धातूच्या नळ्यांत तापमापक आणि वर चावीवर चालणारा पंखा. तुम्हाला करायचंय ते तेच, चावीऐवजी बारा व्होल्टवर.

हार्डवेअरच्या दुकानातून ११० मिमी आणि ६३ मिमी पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही साधारण फूटभर. लहान पाइप मोठ्याच्या आत मधोमध उभा बसवा. बाहेरच्या पाइपला पॉलिश पेपर मारून बाहेरून पांढरा एक्स्टिरियर रंग द्या, दोन हात. नुसती चमकदार फॉइल बाहेर लावू नका. ती ऊन परतवते हे खरं, पण जी थोडी उष्णता घेते ती सहजी सोडत नाही, त्यामुळे भर उन्हात पांढरा रंगच बरा. फॉइल टेप आतल्या पाइपवर बाहेरून गुंडाळा. म्हणजे तापलेल्या बाहेरच्या पाइपची धग आत पोचत नाही.

तोंड खाली, पंखा वर. पंखा ८० मिमीचा, संगणकाच्या कॅबिनेटमधला चालेल. तो हवा *ओढून* वर फेकेल असा बसवा. सेन्सरवरून हवा आधी जाते आणि मोटारीवरून नंतर. उलटा बसवला तर मोटारीची ऊब थेट सेन्सरवर येते. दुरुस्तीला आलेली अशी घरगुती शील्ड मी पाहते तेव्हा पहिली नजर पंख्याच्या बाजूच्या बाणाकडेच टाकते. पंखा ज्या चकतीवर बसवाल तिला दोन पाइपांमधल्या फटीवर चार-सहा छोटी भोकं पाडा, म्हणजे तिथली तापलेली हवाही निघून जाईल, पण मुख्य ओढ आतल्या पाइपातूनच राहील. वर टोपी हवी, पावसासाठी. बाहेर पडलेली हवा फिरून खालच्या तोंडाशी येणार नाही अशी.

आता हिशेब. पंख्यावर ३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलं असेल तर तो सेकंदाला साधारण १४ लिटर हवा हलवतो. ६३ मिमी पाइपाची आतली जागा सुमारे २७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे कागदावर वेग सेकंदाला ५ मीटर. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, तेव्हा निम्मा धरा. अडीच मीटर मिळाले तरी काम झालं. वेग मोजायला काही नसेल तर खालच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे.

सेन्सर तोंडापासून किमान वीतभर वर, पाइपाच्या मधोमध लटकता ठेवा. सेन्सरच्या जागेवरून खाली पाहिलं तर तापलेला स्लॅब जेमतेम दिसावा. ईएसपी३२ बोर्ड मात्र या पाइपात अजिबात नको. वायफायचं बोर्ड स्वतःच गरम होतं, ते वेगळ्या डबीत, तार लांब घेऊन. पाली आत शिरू नयेत म्हणून तोंडाला मोठ्या छिद्रांची जाळी लावा. मच्छरदाणीची बारीक जाळी तुमच्याकडची धूळ आणि कापसाचं तूस पाहता लवकर तुंबेल. जुन्या टूथब्रशनं अधूनमधून झाडत चला.

हा पंखा बंद पडला तर मात्र तुमच्या बशा त्याच्यापेक्षा बऱ्या. फटीफटीतून निदान वारा जातो, बंद पाइपात हवा शिजते. म्हणून तीन तारांचा पंखा घ्या. तिसरी तार, बहुधा पिवळी, फेऱ्यांचे ठोके देते. ती बोर्डला जोडा आणि फेऱ्या थांबल्या की त्या वेळच्या नोंदीवर खूण पडेल असं करा. आकडा चुकीचा असला तर चालेल, चुकीचा आहे हे न कळणं वाईट. पंखा रात्रीही चालू राहू द्या. निरभ्र, शांत रात्री शील्ड आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा गार होतं आणि आकडा खाली जातो. वीज म्हणाल तर दीड-दोन वॉट, दिवसाला पन्नास वॉट-तासांच्या आत. घरातून बारा व्होल्टची तार ओढा आणि मध्ये राउटरला लावतात तसली छोटी यूपीएस टाका, भारनियमनाची चिंता मिटते.

पंखा बसवण्याआधी सेन्सर रात्रभर घरात एखाद्या चांगल्या तापमापकाशेजारी ठेवून मूळचा फरक पाहून घ्या. नंतर भर दुपारी पंखा पंधरा मिनिटं बंद करा, मग चालू करा. आकडा चढून परत खाली आला की समजा, काम झालं. आर्द्रताही सुधारेल. वाफ तेवढीच असून सेन्सर तापला की सापेक्ष आर्द्रता कमी दिसते, ४२ अंशांच्या आसपास अंशामागे साधारण वीस भागांतला एक भाग.

एवढं करूनही ४२ येतीलच असं नाही. पंखा उन्हाची चूक काढतो, जागेची नाही. गच्चीचा स्लॅब खरोखरच अंगणापेक्षा गरम हवा तयार करतो आणि पंखा तीच प्रामाणिकपणे ओढतो. परसात मोकळी जमीन असेल तर केंद्र तिथं हलवा, भिंतीपासून लांब, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. आणि शांत दुपारी तुमचा आकडा वेधशाळेपेक्षा काही दशांश कमी आला तर बिचकू नका. त्यांच्या पेटीत पंखा नाही.

प्रश्न : माझ्या पंख्याच्या शील्डमध्ये पावसाळ्यात सर येऊन गेली की तापमान उगाच घसरतं आणि बराच वेळ तसंच राहतं. का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पंखा पावसाचे तुषार आत ओढतोय. ओल्या सेन्सरवर वारा घातला की तो ओल्या फडक्याच्या तापमापकासारखा गार आकडा दाखवतो. झड लागलेली असताना हवा दमट असल्यानं फरक थोडाच असतो. सरीनंतर ऊन पडलं की तो वाढतो. तोंडाखाली थोडं अंतर ठेवून एक रुंद बशी आडवी लावा आणि सेन्सर आणखी वर सरकवा. पाण्याला अटकाव करणारा पडदा असलेला सेन्सर मिळाला तर पुढच्या वेळी तोच घ्या. खाऱ्या हवेत पंख्याचं बेअरिंग लवकर आवाज करू लागेल, तेव्हा एक जादा पंखा घरात असू द्या.