रेडिओवरच्या गाण्यांचा कोटा नक्की मोजतात कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी रेडिओवरच्या गाण्यांच्या भाषेबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की कॅनडातल्या क्यूबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात रेडिओवर फ्रेंच गाणी किती लावायची ते नियमाने ठरलेलं आहे आणि आपल्याकडे तसं काही नाही. त्यावर इतके मेसेज आलेत की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या वेळी घेते, आज हेच.

ताई, माझी मुलगी लग्नानंतर मॉन्ट्रियालजवळ असते, तिथल्या एका फ्रेंच एफएम स्टेशनला म्युझिकचं काम बघते. महिनाभर झाला, व्हिडिओ कॉल केला की ती कॉम्प्युटरसमोरच. म्हणते बाबा, लायसन्सचं रिन्यूअल आलंय, एका आठवड्याच्या सगळ्या गाण्यांचा हिशोब मागितलाय आणि फ्रेंच गाणी कमी भरतायत. परवा अगदी रडवेली झाली होती. गाणी कमी पडली म्हणून लायसन्स जातं का हो? – एक वाचक, गिरगाव

काका, आधी तुम्ही शांत व्हा. एका आठवड्यात गाणी कमी भरली म्हणून स्टेशनला कुलूप लागलं असं सहसा होत नाही. पण तिचं टेन्शन खोटं नाहीये, ते का ते सांगते, म्हणजे पुढच्या कॉलला तुम्हाला तिच्याशी नीट बोलता येईल.

तिकडे रेडिओचं लायसन्स सीआरटीसी नावाची, रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणारी कॅनडाची संस्था देते, १९६८ पासून आहे ती. पूर्ण मुदतीचं लायसन्स म्हणजे सात वर्षं, असंच वर्षानुवर्षं चालत आलंय. मुदत संपत आली की स्टेशन अर्ज करतं, तो अर्ज लोकांसाठी जाहीर होतो, कुणालाही त्यावर लिहून मत देता येतं. आणि त्याच सुमाराला सीआरटीसी मागचा एखादा आठवडा स्वतः निवडते आणि म्हणते, या आठवड्याचं रेकॉर्डिंग द्या, गाण्यांची यादी द्या, आणि तुमचा तुम्ही हिशोब करून टक्के काढून द्या. तुमची मुलगी जे करत बसलीये ना, ते हेच.

आता टक्के. फ्रेंच भाषेच्या कमर्शियल स्टेशनवर लोकप्रिय संगीतातली जी गायलेली गाणी वाजतात त्यातली आठवड्याला निदान ६५ टक्के फ्रेंच पाहिजेत. आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत निदान ५५ टक्के. मोजायची ती गाणी, मिनिटं नाही. नुसत्या वाद्यांची धून या हिशोबातच येत नाही. शिवाय कॅनेडियन गाण्यांचा ३५ टक्क्यांचा कोटा वेगळा आहे, गाणं कॅनेडियन आहे की नाही हे ठरवायला संगीत, कलाकार, सादरीकरण आणि शब्द अशा चार गोष्टी बघतात, साधारणपणे त्यातल्या दोन जुळल्या की झालं. म्हणजे एकच गाणं दोन वेगवेगळ्या रकान्यांत तपासायचं.

मी काल रात्री कागद घेऊन हिशोब मांडून बघितला, तुम्हीही बघा. समजा तासाला १० गायलेली गाणी. तिकडे रेडिओचा दिवस धरतात सकाळी ६ ते मध्यरात्री १२, म्हणजे रोज १८ तास, आठवड्याला १२६ तास, १२६० गाणी. त्याचे ६५ टक्के म्हणजे ८१९ फ्रेंच गाणी. आता दिवसा ऑफिसच्या वेळेत, जेव्हा ऐकणारे जास्त आणि इंग्लिश हिट गाणी लावायचा मोह जास्त, तेव्हा स्टेशनने कमीत कमी म्हणजे ५५ टक्केच लावली तर (पाच दिवस, रोज १२ तास) ६०० पैकी ३३०. मग उरलेल्या ६६० मध्ये ४८९ लावायलाच लागतात, म्हणजे ७४ टक्के. संध्याकाळच्या किंवा रविवारच्या एखाद्या शोमध्ये कुणी हौसेने चार इंग्लिश गाणी जास्त घातली की सगळं गणित घसरतं, आणि ते कळतं कधी, तर काही आठवड्यांनी कोणीतरी नेमका तो आठवडा मागितल्यावर.

अजून एक बारीक गोष्ट आहे, माझ्या मते तुमच्या मुलीचं घोडं इथेच अडलं असणार. नियमात लिहिलंय की गाणं पूर्ण वाजलं पाहिजे. आरजेने शेवटचा अंतरा चालू असतानाच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढला आणि जाहिरात घेतली तर ते फ्रेंच गाणं यादीत दिसतं पण मोजणीत धरत नाहीत. यादी सॉफ्टवेअरमधून निघते आणि सॉफ्टवेअरला काय माहीत फेडर कधी ओढला, ते फक्त रेकॉर्डिंग ऐकूनच कळतं. म्हणून ती बिचारी हेडफोन लावून तास न् तास बसली असेल. तिला विचारा, कापलेली गाणी वेगळी काढलीस का म्हणून, तिला बरं वाटेल की बाबांना कळतंय.

रेकॉर्डिंग चार आठवडे सांभाळायचं असतं, तक्रार आली तर आठ. लॉगर, म्हणजे हे रेकॉर्डिंग करणारं यंत्र, बंद पडला, रेकॉर्डिंग खरखरीत आलं किंवा मिळालंच नाही, तर तो स्वतंत्र दोष धरतात, मग गाणी कितीही बरोबर असोत.

कमी भरलं तर काय, हा तुमचा मुख्य प्रश्न. चूक किती मोठी, पहिली की पुन्हा पुन्हा, स्टेशनने काय कारण दिलं आणि पुढे होऊ नये म्हणून काय केलं, हे सगळं बघतात. सात वर्षांऐवजी कमी मुदतीचं लायसन्स मिळू शकतं, म्हणजे लवकरच परत परीक्षा. परत परत तेच झालं तर मग प्रकरण वाढत जातं, अगदी लायसन्स जाण्यापर्यंत. तेव्हा मुलीला सांगा आकडे आहेत तसे दे, ६३ भरले तर ६३ लिही, ओढूनताणून ६५ करू नकोस, रेकॉर्डिंग त्यांच्याकडेही जाणार आहे. आणि त्या खाली लिही की आता रोज संध्याकाळी ६ ला आम्ही दिवसाचा आकडा काढतो आणि रात्रीच्या क्लॉकमध्ये, म्हणजे तासातल्या गाण्यांच्या आराखड्यात, भरपाई करतो. असं खरंच सुरू केलं असेल तरच लिहायचं अर्थात.

मग आपल्या मुंबईत मराठी गाण्यांना असा कोटा का नाही? राज्य सरकार झोपलंय का? – एक वाचक, मुलुंड

तुमचा राग मला कळतो कारण तो माझाही आहे, पण राज्य सरकारच्या हातात हे नाही. रेडिओ हा घटनेप्रमाणे केंद्राचा विषय. एफएमची परवानगी दिल्लीचं माहिती आणि प्रसारण मंत्रालय देतं, खाजगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं, म्हणजे फेज थ्रीचं, धोरण २०११ चं, परवानगी १५ वर्षांची. त्यात इतकी टक्के गाणी मराठी अशी अट नाही. सिनेमागृहं मात्र राज्याच्या अखत्यारीत येतात, म्हणूनच २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमाचा प्राइम टाइम शो सक्तीचा करता आला. तुम्हाला आठवत असेल, आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले होते, मग आरडाओरडा झाला आणि दुपारी १२ ते रात्री ९ असं झालं. म्हणजे बघा, सगळं भांडण वेळेचं होतं, दाखवायचा की नाही याचं नव्हतंच.

मी अकरा वर्षं मुंबईतल्या एका एफएम स्टेशनला गाणी शेड्यूल करायचे. रोज लॉगचं, म्हणजे कुठल्या वेळेला कुठलं गाणं त्या यादीचं, प्रिंटआउट निघायचं, मी मराठी गाण्यांवर हिरव्या पेनने खूण करायचे, कुणी सांगितलं नव्हतं, माझी सवय. आम्ही भांडून भांडून एक मराठी अर्धा तास मिळवला होता, सकाळी ८ ला, लोकलच्या गर्दीच्या वेळेला. तीन महिन्यांनी तो ७ वर गेला, मग ६ वर, मग एक दिवस प्रिंटआउट हातात घेतलं तर हिरव्या खुणा सगळ्या पहिल्या पानावर, पहाटे ५ च्या रकान्यात. मिटिंगमध्ये सांगितलं गेलं की मराठी गाणी तेवढीच आहेत की, एकही कमी केलेलं नाही. आणि ते खरं होतं हो! आकडा तोच होता. मी त्या दिवशी सीएसएमटीला उतरून बराच वेळ प्लॅटफॉर्मवरच बसून राहिले होते.

म्हणून कुणी मला म्हणालं की मराठीला ३० टक्के द्या, ४० टक्के द्या, की मी पहिला प्रश्न विचारते, कुठल्या वेळेत? कॅनडाच्या नियमात मध्यरात्री १२ ते सकाळी ६ चा वेळ मोजतच नाहीत, आणि दिवसाच्या वेळेला वेगळा आकडा लावलाय. हे ज्याने लिहिलं त्याला रेडिओवाले काय काय करतात ते बरोबर माहीत होतं. आपली मागणी करायची तर दिल्लीकडे, आणि नुसत्या टक्क्याची नाही, सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ असं लिहून, एकेका गाण्याच्या मोजणीसकट करायची.

तोपर्यंत आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आहे, ती ऐका, पत्रं पाठवा त्यांना.

मी अलियाँस फ्राँसेजला फ्रेंच शिकते. फ्रान्समध्ये पण असंच आहे का? आणि सक्तीने लावलेलं गाणं कोण ऐकणार? – विलेपार्ले

हो, तिकडे पण आहे, १९९४ चा कायदा, लागू झाला १९९६ पासून. ४० टक्के गाणी फ्रेंच, आणि त्यातली निम्मी नवीन कलाकारांची किंवा नवीन निर्मिती. हा दुसरा भाग मला जास्त आवडतो, नाहीतर सगळ्यांनी जुनी गोड गाणी लावून कोटा भरला असता. स्टेशनच्या प्रकाराप्रमाणे थोडे वेगळे पर्याय पण आहेत, मुख्यतः जुनी गाणी लावणाऱ्यांना ६० टक्के आणि नवीन कमी, असं. तिथेही पळवाट निघालीच, तीच ती दहा गाणी दिवसभर फिरवायची. मग २०१६ मध्ये नियम आला की सगळ्यात जास्त वाजणारी दहा फ्रेंच गाणी मिळून स्टेशनवरच्या एकूण फ्रेंच गाण्यांच्या निम्म्याहून जास्त वेळा वाजली तर निम्म्यावरची जास्तीची मोजायची नाहीत. बघणारी संस्था आता आर्कोम, २०२२ पासून.

सक्तीचं कोण ऐकणार हे अगदी बरोबर विचारलंस. १९५२ मध्ये आपल्या आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळपास बंद केली, लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. आज तर काटा फिरवायचीही गरज नाही, फोन हातातच आहे. म्हणून मला वाटतं कोट्याने गाण्याला फक्त पहिल्यांदा कानावर पडायची संधी मिळते, पुढचं गाण्याने करायचं असतं. पण ती संधी पहाटे ५ ला दिलीत तर ते गाणं चांगलं की वाईट हे कळणार तरी कसं?

आमच्या कॉलेजला कम्युनिटी रेडिओ सुरू करायचं चाललंय. आम्हाला मराठी, आगरी, कोळी गाणी जास्त लावायचीत. हिशोब कसा ठेवायचा मॅडम? – कलिना

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. कम्युनिटी रेडिओच्या नियमात निदान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून आलेला लागतो आणि शक्यतो स्थानिक भाषा, बोलीत असावा असं म्हटलंय, म्हणजे तुमच्या मनासारखंच. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं असतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन हार्ड डिस्क ठेवा, एकीवर विसंबू नका. दर सोमवारी मागच्या आठवड्यातलं कुठलंही पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग उघडून ऐका, लॉगरचा दिवा हिरवा दिसतो आणि आत नुसती शांतता असते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शीट साधी ठेवा. वेळ, गाणं, भाषा, गायक कुठला, पूर्ण वाजलं का. शेवटचा रकाना आरजेने नाही भरायचा, दुसऱ्याने ऐकून भरायचा. गाणं आगरी की कोळी यावर वाद होणार, तेव्हा वरळी, माहीम, वेसाव्याच्या बायकांना बोलवा आणि त्यांनाच विचारा, त्या ऐकल्या ऐकल्या सांगतील, आणि त्यांच्याकडून लग्नातली गाणी रेकॉर्ड करून घ्यायचीही तीच वेळ. मुलं लेक्चरला असतात त्या वेळेत आणि घरी निघतात त्या वेळेत किती लागली ते वेगवेगळं मोजा. पहिल्या आठवड्याचं शीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, चुकलेलं असलं तरी पाठवा, मी हिरवं पेन घेऊन बसते.