नणंदेकडे भाऊबीजेला गोड काय न्यावं?

ताई, खानापूरहून निपाणीला बसनं जायचं, तिथं अठरा माणसं जेवायला आणि गोड तुमच्याकडे लागलंय, म्हणून सोपं काहीतरी विचारलंत. आधी बासुंदी-खिरीचा विचार सोडा. मी एकदा बासुंदीची बरणी मांडीवर घेऊन चिकोडीला निघाले होते. संकेश्वरच्या अलीकडंच ड्रायव्हरनं ब्रेक मारला. निम्मी बासुंदी माझ्या साडीवर, उरलेली शेजारच्या आजोबांच्या धोतरावर. लाडू-शंकरपाळ्याही नकोत, दिवाळीत त्या घरी फराळाचे डबे भरलेलेच असणार.

कुंदा करा की, दूध आटवून केलेली ती बेळगावची मिठाई. आपल्याकडं कुंदा म्हणजे बेळगावातून विकतच आणायचा, असं डोक्यात बसलंय. घरचा करायला अवघड नाही, वेळ तेवढा लागतो.

म्हशीचं घट्ट दूध 2 लिटर घ्या. जाड बुडाच्या रुंद कढईत उकळून निम्म्यावर आणा. मग दोन मोठे चमचे दही घाला, दूध फुटून बारीक कण होतील. ते पाणी गाळून टाकायचं नाही, आटवायचं. इथं माझी एकदा फसगत झाली होती. तीन दिवसांचं आंबट दही घातलं, साखर वाढवली तरी आंबटपणा गेला नाही. दही ताजं आणि गोडसर पाहिजे. पाणी आटून सैल खव्यासारखं झालं की साखर. एकूण 200 ग्रॅम पुरते, पण सगळी एकदम घालू नका. त्यातली चार चमचे साखर वेगळ्या छोट्या कढईत कोरडीच वितळवा, मधासारखा रंग आला की लगेच कुंद्यात ओता. तडतडतं, हात लांब ठेवा. कुंद्याचा तो तपकिरी रंग आणि किंचित खरपूस चव त्यातूनच येते. जास्त जाळलीत तर कडू होईल. उरलेली साखर, चमचाभर तूप, वेलची घालून ढवळत राहा. अजून थोडा सैल आहे असं वाटतंय तेव्हाच उतरवा, गार झाल्यावर तो आवळतो. हे सगळं व्हायला दीड तास धरा, आणि शेवटची वीस मिनिटं कढईजवळून हलू नका, खालून लागतो.

2 लिटरचा अर्धा किलोच्या थोडा वर कुंदा होतो. अठरा जणांना दोन-दोन चमचे येतो. कमी वाटेल, पण त्याच्या वर कोणाला जात नाही. पाडव्याला संध्याकाळी करा, पूर्ण गार झाल्यावरच डब्याचं झाकण लावा. गरम असताना लावलं की झाकणाला वाफ धरते, तेच पाणी कुंद्यात पडतं.

दूध आटवत बसायला वेळ नसेल तर शेंगाची पोळी. आत भरायच्या सारणाला दोन वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे, दीड वाटी चिरलेला गूळ, थोडे भाजलेले तीळ. मिक्सर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो आणि लाटताना पोळी फुटते. भाजताना तूप लावू नका, वाढताना लावायचं. कापडावर पसरून गार केल्या की आठवडाभर टिकतात. सासूबाईंना दात नसतील तर मात्र कुंदाच बरा.

मांडे करायच्या भानगडीत पडू नका. हातावर पोळी वाढवून पालथ्या मडक्यावर टाकणं पहिल्या खेपेला जमायचं नाही. करदंट, म्हणजे डिंक-गुळाची सुक्या मेव्याची वडी, तीही नको. डिंक नीट फुलला आणि गुळाचा पाक बरोबर आला तर ठीक, नाहीतर दगड. ते गोकाकचं विकत आणलेलंच बरं.

आणि पाडव्याला सगळ्यांनाच जादा दूध लागतं, तेव्हा गवळ्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा.