जुन्या ग्रीक शुभवर्तमानाच्या पोथीत योहान आधी, मत्तय मागाहून, आणि त्याच कथा पुन्हा पुन्हा. पानं चुकीची शिवली गेली आहेत का?

बहुधा नाही. ही मत्तय, मार्क, लूक, योहान या क्रमाने येणाऱ्या चार शुभवर्तमानांची, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या ग्रंथांची, सलग प्रत नसून उपासनेत वाचायच्या उताऱ्यांची पोथी दिसते. तिचा क्रम पंचांगाचा असतो.

आधी पहिलं पान पाहा. ईस्टरचा रविवार, योहान १:१-१७, 'प्रारंभी शब्द होता' अशी सुरुवात असेल तर शंका मिटली. पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसाचा सण) योहान, मग मत्तय, सप्टेंबरच्या मध्यानंतर लूक. मार्क बिचारा मुख्यतः ईस्टरपूर्व उपवासातल्या शनिवार-रविवारचा धनी. हा भाग आपल्या तिथीच्या सणांसारखा दरवर्षी सरकतो. दुसरा भाग ठरलेल्या तारखांचा, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, कारण बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं, वर्ष सप्टेंबरात सुरू होई. तिथे उतारा आधी येऊन गेला असेल तर लेखनिक नुसतं 'अमुक दिवशी पाहा' असं लिहून मोकळा होतो. त्याला गळालेलं पान समजू नका.

पान खरंच गेलंय का, हे चामडं सांगतं. साधारणपणे चार चर्मपत्रं मधोमध दुमडून आठ पानांची जुडी होते आणि समोरासमोर सारख्याच बाजू येतात: केसांची बाजू पिवळसर, बारीक छिद्रांची, मांसाची पांढरट. पोथी उघडल्यावर डावीकडे पिवळं नि उजवीकडे पांढरं दिसलं, तर तिथली शिवण तपासा.

उताऱ्याच्या तोंडी 'त्या काळी' किंवा 'प्रभू आपल्या शिष्यांना म्हणाला' असे शब्द येतात. मधूनच उचललेला मजकूर ऐकणाऱ्याला कळावा म्हणून ते जोडलेले असतात. नवशिके ते पाठभेद म्हणून टिपतात आणि सगळी तुलना बिघडते. ओळींच्या वर-खाली लाल खुणा असतील तर त्या सुरात वाचण्यासाठीच्या.

अक्षर सुटं, मोठं आहे म्हणून पोथी पाचव्या-सहाव्या शतकात ढकलू नका. इतर ग्रंथ अक्षरं जोडून लिहायच्या लहान लिपीत गेल्यावरही या पोथ्यांनी मोठी अक्षरं बराच काळ सोडली नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली 'हार्ली ५५९८' या क्रमांकाची पोथी तशीच आहे. तिच्या लेखनिकाने, कॉन्स्टंटाइन या धर्मगुरूने, २७ मे, जगाच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष ६५०३ अशी नोंद केली आहे. जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८ वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९. म्हणजे इ.स. ९९५. हीच नोंद ऑक्टोबरची असती तर ९९४.